मालूआक्काची दुसरी साक्ष

घरातलं खोटं मालूआक्काला छान जमायचं. बुट्टीत एकच भाकरी उरलेली असली तरी दारात आलेल्याला ती "जेवून जा की" म्हणायची. धाकट्या जावयानं आणलेलं लुगडं पहिल्या धुण्यात विटलं, तरी "लई झ्याक रंग" म्हणत तिनं ते दोन वर्षं नेसलं. असल्या खोट्यानं कुणाच्या बापाचं काही जात नाही. पण चारचौघांत, कागदावर किंवा देवापुढं बोलायची पाळी आली, की बाईची जीभ काट्यावर बसायची. मग इकडं नाही, तिकडं नाही.

काट्याचीही एक गोष्ट आहे. निपाणीतल्या एका वखारीत तिनं पस्तीस वर्षं तंबाखू चाळली. सकाळी नाकातोंडाला पदर बांधून आत जायचं आणि दिवस मावळताना हळद लागल्यासारखं पिवळं होऊन बाहेर यायचं. चाळलेली पाटी दिवाणजी मोजायचा आणि पाटी रोज कमी भरायची. बायका आपसांत कुजबुजायच्या आणि गप्प बसायच्या. एक दिवस मालूआक्का उठली आणि पाटीच्या जागी स्वतःच काट्यावर जाऊन बसली.

"कालच पिठाच्या गिरणीत मोजून घेतलोय मी. बेचाळीस किलो. बघू तुमचा काटा काय म्हणतोय."

काटा म्हणाला, अडतीस. सगळी वखार हसून हसून खोकली. पुढं बायकांची संघटना झाली, मोर्चे निघाले, तिथंही ही पुढंच. त्याच दिवसांत ती सही करायला शिकली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला स्वतःचं नाव लिहिता यायला लागलं, तर महिनाभर ती दिसेल त्या भिंतीवर कोळशानं "मालु" लिहीत सुटली होती. नवरा म्हणायचा, "निवडणुकीला उभी राहतीस काय गं?"

तिचं गाव कोगनोळीच्या नाक्यापासून दोन मैलांवर. गाव कर्नाटकात आणि पाव्हणे-रावळे महाराष्ट्रात; इकडं बायकाही "मी जातो, मी करतो" असंच बोलतात. कागद कन्नडात येतो, भांडण मराठीत होतं. अशाच एका भांडणानं ही गोष्ट सुरू झाली.

गावाच्या खालच्या अंगाला एक विहीर होती. रवळू आणि मष्णू या दोघा चुलतभावांची ती सामाईक. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. सतरा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं आणि मष्णूनं रवळूच्या पाळीतही आपली मोटार चालू ठेवली. रवळू म्हणजे रागीट माणूस. राग आला की त्याच्या कानशिलावरची शीर उभी राहायची. नांगराला अडून बसलेल्या बैलाचं शिंग त्यानं एकदा दगडानं मोडलं होतं, आणि मग त्याच बैलाच्या गळ्यात पडून रडलाही होता. मालूआक्का त्या सकाळी बांधावर गवत कापत होती. पंचवीस पावलांवर. दोघांची बोलाचाली तिनं ऐकली. शेवटी मष्णू एक वाक्य बोलला. रवळू वळला, खोपीत गेला आणि कुऱ्हाड घेऊन आला.

मष्णू गेला. मष्णूची बायको जयाबाई सात महिन्यांची पोटुशी होती. ती ओरडत धावत आली, तीही गेली. मालूआक्काच्या हातात खुरपं होतं, पण पाय जमिनीतून निघाले नाहीत. रवळू विहिरीच्या काठावर बसला. मोटार चालूच होती. पोलीस येईपर्यंत पाणी वाहत होतं.

बघणारी ती एकटीच. त्यामुळं सगळ्यांचे डोळे तिच्या तोंडाकडं. रवळूच्या सासरचे लोक आले. "तू गवतात वाकली हुतीस आक्का, तुला काय दिसणार?" दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात एक दुभती म्हैस बांधलेली. मालूआक्कानं धार काढली नाही, काही नाही. म्हैस सोडली, हाकत चावडीपुढं नेली आणि खांबाला बांधून ओरडली, "ज्याची कुणाची असंल त्यानं न्या रं! माझ्या दारात वाट चुकून आलीया!"

मग ती तिथून तशीच बिरदेवाच्या देवळात गेली आणि तिनं भंडारा उचलला. आमच्या इकडं भंडारा उचलणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, तरी सांगते. देवापुढची हळद मुठीत घेऊन माणूस बोलला, की ते बोलणं देवानं ऐकलं. कोर्टातली शपथ वकील मोडू शकतो, भंडारा कुणी मोडत नाही. मालूआक्का सगळ्या गावादेखत म्हणाली, "जे बघितलं, ऐकलं, ते सांगीन. तीळभर कमी न्हाय, तीळभर जास्त न्हाय."

कोर्टात रवळूच्या वकिलानं तिला घोळात घ्यायला बघितलं. पंचवीस पावलांवरून नीट दिसलं का, म्हणाला.

"सायेब, तुमच्या कोटाचं दुसरं बटण निळ्या दोऱ्यानं लावलंय, काळ्या न्हाय," मालूआक्का म्हणाली. "हितनं तुमच्यापतूर किती पावलं हायत, तुमीच मोजा."

वकील बटणावर हात ठेवून खाली बसला.

पण एका ठिकाणी ती कमी पडली. सरकारी वकिलानं विचारलं, शब्दाला शब्द काय झाला? समोरच्या बाकावर मष्णूचा धाकटा भाऊ गुंडू बसला होता. बावीस वर्षांचं पोर, मान खाली घालून. मेलेल्याचं वाईट त्याच्या माणसांपुढं बोलू नये, ही आपली रीत. मालूआक्कानं त्या पोराकडं बघितलं आणि मष्णूचं ते वाक्य गिळलं. "पाण्याच्या पाळीवरनं झालं," एवढंच म्हणाली. खोटं नव्हतं. पण तीळभर कमी होतं. ते तिला त्याच वेळी कळलं आणि तिनं ते पदराच्या गाठीसारखं बांधून ठेवलं.

रवळूला फाशीची शिक्षा झाली. वरच्या कोर्टानं सांगितलं, बरोबर आहे. त्याच्या वरच्यानंही तेच सांगितलं. त्याची बायको माहेरी गेली आणि तिकडंच वारली. रवळू हिंडलग्याच्या तुरुंगात राहिला. फाशी एकदाच देतात, पण सांगतात किती वेळा, असं मालूआक्काला वाटायचं.

गुंडू तिच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. भाऊ-भावजय गेल्यावर तो कितीतरी दिवस हिच्याच चुलीपुढं जेवला. हिनंच मध्ये पडून त्याचं लग्न लावलं. आता गुंडूचे दोन ट्रॅक्टर झाले, रस्त्याकडेला स्लॅबचं घर उभं राहिलं. मालूआक्काच्या दोन्ही लेकी लांब दिल्या होत्या, नवरा गेलेला, तेव्हा तिचं सणवार, दुखणं-खुपणं, सगळं गुंडूच्या घरात. घरभरणीचा दिवस धरला होता. गुंडूनं भटजींनाच सांगून टाकलं होतं, "नव्या चुलीवर पयलं दूध आमची आक्काच उतू घालणार. विधवा-बिधवा मला काय सांगू नका. तिनं न्हाय घातलं तर दूधच न्हाय."

आणि नेमक्या त्याच महिन्यात बेळगावहून वकीलबाई आली.

तिचं नाव माधवी. वय तिशीच्या आतबाहेर, पायांत बूट, हातात जाडजूड फाईल. ओट्यावर बसली आणि सांगू लागली, की रवळूचा दयेचा अर्ज दिल्लीला जायचाय. हा शेवटचा. त्याला जोडायला कागद गोळा करतेय. तुरुंगातल्या साहेबांचा आहे, डॉक्टरांचा आहे. गावातला एकही नाही.

"आजी, तो माणूस आता तो राहिलेला नाही. खूप बदललाय. तुम्ही एवढंच लिहून द्या, की सुधारलाय, फाशी नको."

"तुमी बघितलाय त्येला?"

"पाच वेळा."

"मग तुमी लिवा. म्या न्हाय बघितला."

माधवीनं चहाचा घोट घेतला आणि जरा अंदाज घेत म्हणाली, "किंवा असंही लिहिता येईल, की त्या वेळी तुम्हाला लांबून नीट..."

"पोरी," मालूआक्का म्हणाली, "च्या पी आणि जा."

पोरगी लाल झाली. चहा संपवला, "चुकलं माझं" म्हणाली, आणि उठली. ती फाटकापर्यंत गेली तेव्हा मालूआक्काचं मन खाऊ लागलं. ते गिळलेलं वाक्य नरड्याशी आलं होतं. सतरा वर्षं हिच्या साक्षीवर एक माणूस दोरीखाली बसलाय, आणि ती साक्ष तीळभर कमी आहे, हे हिच्याशिवाय एकालाच माहीत होतं. तोही दोरीखालचाच.

"ये हिकडं," तिनं हाक मारली. "मला न्हे तिकडं. बघतो आणि सांगतो. पण वाईट दिसला तर वाईट सांगीन. ते बी कागदावर घालायचं. चालंल?"

माधवीनं फाईल काखेत मारली. "चालेल," म्हणाली. ते चालणारं नव्हतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं, पण म्हणाली खरी.

गुंडूला कळायला काय वेळ लागतो? भिंतीला भिंत. तो आला तो चपला न काढताच.

"आक्का, तू त्येला बघाय जाणार हैस?"

"व्हय."

"सुधारलाय म्हणं. माझी वहिनी सतरा वर्सांत सुधारून परत आली काय गं? तिच्या पोटातलं आलं?"

"न्हाय आलं."

"मग?"

"मग बघून येतो," मालूआक्का म्हणाली.

"जा. पण त्या कागदावर सही केलीस, तर माझ्या घरभरणीला येऊ नगंस. आणि तू भंडारा उचललीस हुतीस, ध्येनात ठेव. देवाला काय सांगशील त्येचा इचार कर." दारात तो थांबला. "मला सांगायला लाज वाटती. मी तुला आईच्या जागी..." आणि तो गेला.

मालूआक्का चार दिवसांनी हिंडलग्याला गेली. माधवीनं परवानगी काढली होती. फाटकावर झडती घेणाऱ्या पोलीसबाईनं तिच्या कमरेची मशेरीची डबी काढून घेतली.

"हे आत चालत नाही अज्जी."

"अगं बाई, मशेरी हाय ती, बॉम्ब न्हाय. फुटली तर माझंच दात पडतील."

पोलीसबाई हसली, पण डबी ठेवून घेतली. मालूआक्का हसली नाही. गावात कुणाला ती हे सांगणार नव्हती, पण सतरा वर्षांत रवळू तिच्या स्वप्नात आला की ती घामानं भिजून उठायची. आत जाळी होती, शिपाई होता, तरी तिला वाटलं, पंचवीस पावलं हवीत. इथं दोनच होती.

रवळूला आणलं. केस पांढरे झालेले, खांदे पडलेले. त्यानं तिला बघितलं आणि जमिनीकडं नजर लावली. "आक्का, तू?" एवढंच. माधवी म्हणत होती, की तो तुरुंगाच्या दवाखान्यात आजाऱ्यांची सेवा करतो, भांडत नाही, लिहायला-वाचायला शिकलाय. मालूआक्का ऐकत होती आणि त्याचे हात बघत होती. तंबाखूचं पान कसं आहे ते ती डोळ्यांनी कधी ठरवायची नाही, बोटांनी ठरवायची. इथं बोट लावायची सोय नव्हती. पण दुसरी एक सोय होती, आणि ती साऱ्या दुनियेत फक्त तिच्याकडं होती.

तिनं माधवीला मागं सरकायला सांगितलं. पदर खोचला. आणि सतरा वर्षांपूर्वी मष्णू ज्या आवाजात, ज्या तोऱ्यात बोलला होता, तसंच, शब्दाला शब्द, रवळूच्या तोंडावर फेकलं.

"कुणासाठी मळा भिजवतोस रं वांझोट्या? तुझ्या तोंडात शेवटचं पाणी घालाय तरी कोण हाय?"

शिपाई दचकला. माधवीनं तोंडावर हात ठेवला.

रवळूच्या कानशिलावरची शीर उभी राहिली. अगदी तीच. त्याचे दोन्ही हात जाळीवर आले आणि बोटं जाळीत रुतली, पांढरी पडली. मालूआक्काला पळावं असं वाटलं, पण ती हलली नाही. त्या वेळी पाय निघाले नव्हते आणि आज तिनं ते काढले नाहीत. ती फक्त बघत राहिली. किती वेळ ते तिला सांगता आलं नसतं. मग एक बोट सुटलं. मग दुसरं. एकेक करून त्यानं दहाही बोटं सोडवली, हात पाठीमागं नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरून उभा राहिला. शीर अजून उडत होती.

"हे शबूद मी रोज ऐकतोय आक्का," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या तोंडनं आज पैल्यांदा ऐकलं." श्वास घेतला. "खरं बोलला हुता त्यो. माझं कोण न्हाय. ते खरं हुतं म्हणूनच मी... खरं सोसलं न्हाय मला. हितं दवाखान्यात ज्येचं कोण न्हाय त्येच्या तोंडात मी पाणी घालतो आता. अकरा जण झालं. त्येनं माझं फिटत न्हाय. जयाचं तर न्हायच फिटत."

"माफी मागतोस काय?" मालूआक्कानं विचारलं.

"कुणाची मागू? ज्येंची मागायची ती तर..." त्यानं मान हलवली. "गुंडू बरा हाय न्हवं?"

"घर बांधलाय."

"बरं झालं," तो म्हणाला आणि शिपायाबरोबर आत गेला.

गाडीत माधवी फुलून गेली होती. "आजी, ते अकरा जणांचं पाणी! तेच घ्यायचं जबानीत. वाचणारा हलून जाईल."

"ते म्या बघितलं न्हाय. त्येनं सांगितलं."

"पण खरंय ते. जेलच्या कागदांत आहे."

"मग तिथंच असू दे. माझ्या कागदात माझ्या डोळ्यांचं." खिडकीतून रस्त्याकडचे नवे बंगले दिसत होते, तिकडं बघत ती म्हणाली, "शीर उभी राहिली ते लिव. हात जाळीला गेलं ते लिव. आणि त्येनं ते काढलं, ते लिव. कुणी काढाय सांगितलं न्हवतं."

"शीर उभी राहिली हे लिहायचं? लोक म्हणतील राग अजून आहे."

"हाय की. राग हाय. बदलला म्हणजे काय गाय झाला न्हाय त्यो. तोच माणूस हाय, तेच हात हायत. पर तेच हात आता त्येच्या ताब्यात हायत."

रविवारी माधवी टाईप केलेला कागद घेऊन आली, तर गावात वेगळंच शिजलेलं. गुंडूनं पंचांना सांगून बिरदेवाच्या देवळात माणसं जमवली होती. पंचांतले थोरले शरदअण्णा म्हणाले, "आक्का, तू या देवापुढं भंडारा उचलून साक्ष दिलीस. तिच्यावर फाशी झाली. आता तूच फाशी नगं म्हणालीस, तर तू भंडारा मोडलीस. गावाला हे चालणार न्हाय. पुन्यांदा भंडारा उचल आणि सांग, सही करणार न्हाय म्हणून. इषय मिटला."

"आण भंडारा," मालूआक्का म्हणाली.

लोकांना वाटलं, नमली म्हातारी. तिनं पिवळी मूठ भरून घेतली आणि देवाकडं नाही, लोकांकडं तोंड केलं.

"फाशी द्या असं म्या कवा म्हणालो, अण्णा? बघितलं ते सांगीन म्हणालो हुतो. फाशी कोर्टानं दिली. माझ्या भंडाऱ्यात दोरी न्हवती." माणसं चुळबुळली. "आता दुसरं ऐका. भंडारा म्या खरंच मोडला. पर आज न्हाय, तवाच. तीळभर कमी सांगणार न्हाय म्हणालो आणि कोर्टात एक वाक्य गिळलो."

आणि तिनं ते वाक्य सगळ्यांपुढं सांगितलं. गुंडूकडं बघत सांगितलं. तेव्हा बघून गिळलं होतं, आता बघूनच बाहेर काढलं. कुणी बायकांत "अगं बया" म्हणालं. गुंडूचा चेहरा राखेसारखा झाला.

"म्हंजे दादाचीच चूक म्हणतीस?" तो ओरडला. "बोलला म्हणून तोडायचं? वहिनी काय बोलली हुती?"

"कायबी बोलली न्हवती. आणि मष्णूबी कायबी बोलला तरी बोलण्याला कुऱ्हाड हे उत्तर न्हाय. मी त्येचं पाप धुवाय उभी न्हाय. त्येनं केलं, मी बघितलं, आज पुन्यांदा सांगतो, त्येनंच केलं. पर सतरा वर्सांनी तेच वाक्य म्या त्येच्या तोंडावर म्हणालो. त्येचे हात उठलं आणि त्येनं ते धरलं. हेबी म्याच बघितलं. डोळे तेच, तोंड तेच, भंडारा तोच. माझ्या एका साक्षीवर माणूस फासावर चढवाय चालतो, तवा मालूआक्का लई खरी. आणि तिनंच दुसरी साक्ष दिली की म्हातारीचं डोस्कं फिरलं? असं न्हाय चालणार अण्णा. घेताय तर दोन्ही घ्या. न्हायतर दोन्ही टाका, पयलीबी."

शरदअण्णांनी उपरण्यानं घाम पुसला.

"आक्का," गुंडू म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "तुझं समदं खरं असंल. तरी मला नगं. त्यो जगलेला मला नगं."

"तुला नगं. तेबी खरं हाय." मालूआक्का वळली. "वकीलबाई, हे लिवा."

माधवी जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आजी, हे घातलं तर अर्ज कमजोर होईल. मेलेल्यांच्या घरच्यांची हरकत आहे म्हणून तिथंच नाही म्हणतील. तुमची जबानी आहे, तुमचं तेवढं राहू द्या."

"एकदा तेवढीच दिली हुती की साक्ष म्या. त्येचं काय झालं ते आत्ता ऐकलीस न्हवं? समदं लिव, न्हायतर सही न्हाय."

माधवीनं पंचांकडं बघितलं, देवाकडं बघितलं, मग पायरीवर बसली आणि टाईप केलेल्या ओळींखाली पेनानं लिहायला लागली. "गुंडूअण्णा, तुमच्या शब्दांत सांगा."

गुंडू पायरीपर्यंत आला. मग म्हणाला, "लिवा. माझी हरकत हाय. मी मरूस्तवर हाय." माधवीनं लिहिलं. तो जायला वळला, दोन पायऱ्या उतरला आणि पाठमोराच बोलला, "आणि हेबी लिवा. दादा ते बोलला असंल. त्येची जीभ तशीच हुती. मलाबी बोलायचा."

"शेवटी 'दया करावी ही नम्र विनंती' असं टाकते," माधवी म्हणाली. "तशी पद्धत असते."

"इनंती कशाची? मी भीक मागाय आलो न्हाय. साक्ष लिव. फाशी देऊ नगा, हे माझं मत हाय म्हणून लिव. मत मागायला येतात की दर पाच वर्सांनी, तवा काय नम्र इनंती करतो व्हय आमी?"

कुणीतरी फस्सकन हसलं आणि गप्प झालं. मालूआक्कानं सगळा कागद पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला लावला. कुऱ्हाड वाचली, तिनं मान हलवली. जयाबाईच्या पोटातलं बाळ वाचलं, तिनं डोळे मिटले आणि मान हलवली. गिळलेलं वाक्य, शीर, दहा बोटं, गुंडूची हरकत, मष्णूची जीभ. प्रत्येक ठिकाणी थांबली, प्रत्येक ठिकाणी मान हलवली. पायरीखाली गुंडू तोंड फिरवून उभा होता. शेवटची ओळ वाचून होईपर्यंत तो तिथून हलला नाही. घरभरणीचं त्यानं काही काढलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

मग तिनं हळदीची मूठ देवाच्या पायावर मोकळी केली, हात लुगड्याला पुसला आणि पेन घेतलं. दोन अक्षरं काढायला तिला सगळ्या देवळाला ताटकळत ठेवण्याएवढा वेळ लागला. बोटाचा पिवळा ठसा कागदाच्या कडेला लागला, तो माधवी रुमालानं पुसायला गेली.

"असू दे," मालूआक्का म्हणाली. "समदं हाय त्यात. आता दिल्लीत ज्येला न्हाय म्हणायचं असंल, त्येनं हे वाचून न्हाय म्हणावं."

माधवी कागद फाईलीत घालून गाडीकडं गेली, आणि मालूआक्का चपला शोधत देवळाच्या पायऱ्या एकटीच उतरू लागली.